चिनी हातांचा शेवट

माझ्या मोबाइलमध्ये दीडदोनशे चिनी माणसं आहेत. कुणी झुळझुळीत रेशमी कपड्यांत, कुणी नुसत्या गंजीफ्रॉकवर, एकजण तर चक्क लुंगीसारखं काहीतरी गुंडाळून. सगळेजण हातपाय फिरवत असतात. स्टाफरूममध्ये एकदा चुकून आवाज मोठा झाला, सगळ्या बाया माझ्या फोनवर वाकल्या, आणि त्या दिवसापासून मी 'कुंगफू बाई' झाले. मी शाळेत चित्रकला शिकवते. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. मला कुंगफू शिकायचं आहे असं कुणाला वाटलं तर हसू येणारच, मी हसू दिलं. आता ज्यांच्यासाठी हे सगळं गोळा केलं ते बाबा नाहीत, तरी ती माणसं पुसून टाकावीत असं मनात येत नाही.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. साचे म्हणजे माग. एकावेळी चार साचे सांभाळायचे, आणि सुटी झाली की चाळीसमोरच्या व्यायामशाळेत जायचे. तिथे मल्लखांब, लाठी, दांडपट्टा सगळं चाले. पण बाबांकडे एक गोष्ट होती जी गिरणगावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. लाठीचे हात असतात, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, पट्ट्याचे हात असतात, तसे बाबांकडे चिनी हात होते.

ते त्यांना एका दाढेमुळे मिळाले. विशीत असताना दाढ सुजली म्हणून ते भायखळ्याला दातांच्या एका चिनी डॉक्टरकडे गेले. दाढ उपटून झाल्यावर चूळ भरायला मागच्या दाराशी गेले तर तिथे दवाखाना आणि शेजारची भिंत यांच्या मधल्या बोळात डॉक्टरचा म्हातारा बाप एकटाच सावकाश हात फिरवत होता. बाबा गालाला रुमाल लावून बघत राहिले. पुढच्या रविवारी दाढ दुखत नसताना परत गेले. म्हाताऱ्याने चारपाच रविवार त्यांना नुसतं उभं केलं आणि मग शिकवायला घेतलं.

तो बोळ इतका अरुंद होता की चार पावलांपुढे जाताच येत नसे. म्हातारा एक तुकडा शिकवायचा, परत मागे येऊन पुढचा तुकडा. सगळे हात सलग कधीच झाले नाहीत. दोघांच्यात भाषा म्हणजे मोडकीतोडकी हिंदी. त्यात म्हातारा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, जिधर से शुरू, उधर ही खतम. जिथे पहिला नमस्कार केला त्याच जागेवर शेवटचा झाला पाहिजे, पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. बाबा आठवडाभर व्यायामशाळेच्या लाल मातीत ते तुकडे जोडत बसायचे.

दोनेक वर्षं अशी गेली आणि चीनशी लढाई सुरू झाली. शेवटचे तीन रविवार म्हाताऱ्याने घाईघाईने भरभर शिकवलं. चौथ्या रविवारी दवाखान्याला कुलूप होतं. कुणी म्हणालं पोलिसांनी नेलं, कुणी म्हणालं रातोरात निघून गेले. बाबा व्यायामशाळेत आले, सगळे तुकडे पहिल्यांदाच एका दमात जोडले आणि शेवटच्या नमस्काराला पोचले तेव्हा त्यांच्या समोर भिंत होती. सुरुवातीची जागा पाचसहा पावलं दूर राहिली होती. पुन्हा केलं. पुन्हा भिंत. म्हणजे शेवटचा तुकडा राहिला, म्हाताऱ्याला द्यायला वेळच मिळाला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या हातांचं नाव काय, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लाठीच्या हातांना कुठे नावं असतात, असं ते म्हणायचे.

व्यायामशाळेत मारुती होता म्हणून बायकांना आत जायची बंदी होती. पण आमच्या गॅलरीतून तिची एक खिडकी दिसायची आणि खिडकीतून मातीचा चौकोन दिसायचा. मारुती कुठल्या भिंतीला आहे ते दिसत नसे, शनिवारी फक्त घंटा ऐकू यायची. मी अंकगणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर बाबांची काडीची माणसं काढायची. एकूण एकसष्ट. कुठला पाय पुढे, तोंड कुठल्या दिशेला, हे बाणाने दाखवायची. सगळ्या हातांत लाथ एकच होती, अठ्ठाविसावी. तिथे बाबा उजवीकडे वळून दरवाजाच्या दिशेने असा पाय फेकायचे की मला गॅलरीत मागे सरकावंसं वाटायचं. एकसष्टाव्याला ते भिंतीशी येऊन थांबत आणि तिथे कुणी विचारलं तर सांगत, "हयसून फुडे नाय." इथून पुढे नाही.

एकदा ती वही त्यांच्या हाती लागली. मला वाटलं आता ओरडा बसणार. ते सगळी पानं चाळत बसले आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कोरी दोनशेपानी वही घेऊन आले. मी लगेच संधी साधली आणि म्हटलं, मला शिकवा.

"फुडचां गावलां की तुका शिकयन," ते म्हणाले. पुढचं सापडलं की शिकवीन. हे वाक्य मी पुढे तीसेक वर्षं ऐकलं.

मग संप झाला. मी बारा वर्षांची होते. सुरुवातीचे महिने बाबा खुशीत होते, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही मोकळ्या मिळाल्या होत्या. चाळीतले अर्धे लोक कोकणात गावी निघून गेले. आम्ही राहिलो. आई शिवणाच्या कारखान्यातून तयार कपड्यांची गाठोडी आणायची आणि त्यांचे लोंबते दोरे कापायची. विणकराच्या घरात दिवसभर कात्रीचा आवाज. मीही शाळेतून आले की कात्री घेऊन बसायची. बाबा त्या वेळी बहुधा सिनेमाला गेलेले असत.

यावरून चाळीत त्यांची फार टर उडाली, आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटायची. संपात माणूस चिनी मारामारीचे सिनेमे बघतो म्हणजे काय? पण बाबा सिनेमा बघतच नसत. त्या सिनेमांत सुरुवातीला नावं पडताना एखादा माणूस लाल नाहीतर पांढऱ्या पडद्यासमोर एकटाच हात करून दाखवायचा. बाबा तेवढंच बघायचे. नावं संपली, गोष्ट सुरू झाली की हे उठून बाहेर. मला एकदा घेऊन गेले तेव्हा मी रडून मारामारी बघू द्यायला लावली, तर ते पूर्ण वेळ डोळे मिटून बसले. डोअरकीपर त्यांना ओळखू लागला होता. त्याला वाटायचं या माणसाच्या पोटाचं काहीतरी बिघडलेलं आहे.

त्याच सिनेमांमुळे मुंबईतली सगळी पोरं कराटे-कुंगफूच्या मागे लागली होती. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये एकजण कराटेचा क्लास चालवत होता. त्याच्या कानावर बाबांचे हात गेले. तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, तुम्ही माझ्याकडे कुंगफूची बॅच घ्या, आठवड्यातून पाच दिवस, पगार देईन. गिरणीचं काय व्हायचं ते होऊ दे. आईने कात्री खाली ठेवली होती. बाबांनी त्याला बसवून नीट समजावलं की आपल्याकडे शेवट नाही, आणि अर्धं शिकवणं ही लबाडी आहे. तो माणूस चांगला होता. तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा बाबांनी तेच सांगितलं.

तिसऱ्यांदा तो जिना उतरून गेल्यावर आई म्हणाली, "पोरांका शेवट काय कळतलो?"

"माका कळता," बाबा म्हणाले.

पोरांना नाही कळणार, पण मला कळतं. एवढ्यावर विषय मिटला आणि त्यापुढे आमचं घर कधी ठीक झालं नाही. संप मागे घेतला असं कुणी कधी सांगितलंच नाही, तो नुसता विरत गेला. गिरणीने परत घेतलेल्यांत बाबांचं नाव नव्हतं. मग प्रभादेवीला एका ऑफिसच्या इमारतीत ते लिफ्टमन झाले. वीस वर्षं स्टुलावर बसून वरखाली. ज्या माणसाला गॅलरीतून बघताना मला मातीचा तो सगळा चौकोन अपुरा वाटायचा, तो माणूस आठ तास त्या डब्यात बसायचा. आई त्यांना घालून पाडून बोलत नसे, पण ते घरात आले की पाण्याचा तांब्या देताना हमखास विचारायची, "गावलो काय तुमचो शेवट?" बाबा पाणी प्यायचे आणि तांब्या परत द्यायचे. आईचा तो प्रश्न ती जाईपर्यंत चालू होता. तिच्या शेवटच्या आजारात तिने तो विचारायचा बंद केला तेव्हा आम्हाला दोघांना कळलं की आता काही खरं नाही.

शोधायचं काम कधी माझ्याकडे आलं ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुतेक मी कमवायला लागले तेव्हा. ग्रँट रोडला एका कॅसेटवाल्याकडे शिकवणीची एक व्हिडिओ कॅसेट मिळाली. घरच्या घरी कुंगफू शिका, अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर लावली तर एक सोनेरी दाढीवाला गोरा काळ्या साटीनच्या कपड्यांत बर्फात उभा. शेजारी हसून लोळायचे बाकी होते. बाबांनी ती पूर्ण पाहिली, मांडी न मोडता. संपल्यावर म्हणाले, माणूस मेहनतीचा आहे, चांगलं करतो. पण "ह्यां आपलां न्हय." हे आपलं नव्हे.

मग सीड्या आल्या. डब्यावर कुंगफूचा फोटो आणि आत व्यायाम करणाऱ्या बाया, असंही झालं. एकीत तर पूर्ण तामीळ सिनेमा निघाला. ज्या खऱ्या निघाल्या त्यांत शिकवणारे एक, दोन, तीन मोजत पाय कुठे ठेवायचा ते सांगायचे, समोरून, बाजूने, पाठीमागून. मी लग्न होऊन वडाळ्याला गेले होते. रविवारी लालबागला येताना पर्समध्ये सीडी असायची. बाबा पहिल्या दहा हालचाली बघूनच सांगायचे, आपलं नव्हे, पण उठायचे नाहीत. दुसऱ्याची विद्या अर्धी टाकून उठू नये असं त्यांचं म्हणणं. सिनेमातून मात्र बिनदिक्कत उठायचे.

आणि मग सगळं जग फोनमध्ये आलं. मला वाटलं आता आठवड्याभरात सापडेल. पण ज्याचं नाव माहीत नाही ते शोधायचं कसं? मी इंग्रजीत लिहायची, जुने पारंपरिक हात, दक्षिणेकडचे, एकच लाथ असलेले. त्यावर हजारो व्हिडिओ यायचे. कुणी हळू करून दाखवायचा, कुणी जमिनीवर खडूने बाण काढायचा, कुणी नुसतं बोलतच बसायचा. एव्हाना बाबांचं चालणं बंद झालं होतं. मधुमेह, मग डाव्या अंगावरून वारं गेलं. ते खाटेवर उशीला टेकून बसत आणि मी त्यांच्यासमोर फोन धरायची. दोनशे वेळा तरी ऐकलं असेल, ह्यां आपलां न्हय. पुढे पुढे मी जुनी वही शोधून काढली आणि आधी स्वतःच पडताळून बघू लागले. उगाच त्यांचे डोळे शिणायला नकोत.

एका शनिवारी शाळेतून येताना बसमध्ये तो सापडला. शिकवणीचा व्हिडिओ नव्हताच. कुठल्यातरी खेड्यात विटांच्या अंगणात विणलेला स्वेटर घातलेला एक म्हातारा होता. मागून कोंबड्या जात होत्या. फोन धरणारी कुणी बाई त्याला मधूनच काहीतरी सांगत होती, बहुतेक त्याची मुलगी असावी, कारण आवाजात थोडा वैताग होता. बघणारे फारच थोडे होते. मी तिसऱ्याच आकृतीला ओळखलं. मी दोन स्टॉप पुढे गेले.

त्या संध्याकाळी मी शाळेचे आलेखाचे कागद घेऊन बसले. म्हाताऱ्याची वाट निळ्या पेन्सिलीने काढली आणि वहीतली बाबांची लाल पेन्सिलीने. सत्तावीस आकृत्यांपर्यंत दोन्ही रेघा एकमेकींवर. अठ्ठाविसाव्याला म्हातारा सरळ समोर लाथ मारून सरळ पुढे गेला, आणि माझी लाल रेघ उजवीकडे वळली. पुढे दोन्हीकडे तेच हात, तीच पावलं, तितकीच. लाल रेघेचा उरलेला भाग मी ट्रेसिंग पेपरवर उतरवला आणि कागद तिथून चौथाई फिरवला. ती निळीवर जाऊन बसली. एकसष्टावी आकृती पहिलीवर आली.

म्हणजे पुढे काही नव्हतंच. भायखळ्याच्या म्हाताऱ्याने काही राखून ठेवलं नव्हतं, घाईत का होईना पण सगळं देऊन गेला होता. बाबांकडे शेवट पहिल्यापासून होता. विशीतल्या पोराने एक वळण चुकीचं घेतलं, इतकंच. आणि त्या एका वळणापायी दादरचा क्लास गेला, लिफ्टमधली वीस वर्षं गेली, आई तशी गेली, मला कधी शिकवलं नाही. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर ते कळेना. बाबांवर करावा तर ते खाटेवर पडलेले. मग मी माझ्यावरच केला, कारण ते वळण इतकी वर्षं माझ्याच वहीत होतं.

हे त्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. पण त्यांना फार दिवस नाहीत हेही दिसत होतं आणि शेवट बघितल्याशिवाय ते जाणार, हेही मला सोसवेना. म्हणून मी लबाडी केली. त्याच घराण्यातले वाटावेत असे दुसरे लांब हात शोधले, त्यांचं फक्त शेवटचं अर्धं मिनिट कापून घेतलं. त्यात तो माणूस भिंतीजवळून पाचसहा पावलं चालत येऊन नमस्कार करत होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी लालबागला राहायला गेले आणि पहिल्याच सकाळी सांगितलं, बाबा, पुढचं सापडलं.

त्यांनी चष्मा मागितला. सुरुवात कुठे आहे विचारलं. मी म्हटलं एवढाच तुकडा मिळाला. त्यांनी तो तीनदा बघितला. पहिल्यांदा बघताना त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, जमलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी फोन पालथा घातला.

"ह्यां आपलां न्हय," ते म्हणाले. "आणि तुका ठावक आसा."

तुला माहीत आहे, असं म्हणाले, आणि चिडले नव्हते. चिडले असते तर मी आणखी एखादी थाप मारली असती. मी मुकाट्याने स्वेटरवाला म्हातारा लावला.

पहिल्या नमस्कारालाच त्यांची उजव्या हाताची बोटं चादरीवर हलायला लागली. डोळे पडद्यावर आणि बोटं म्हाताऱ्याच्या अर्धा क्षण पुढे. कोंबडी आडवी गेली तेव्हा ते किंचित हसले. मी मनात आकडे मोजत होते. अठ्ठाविसाव्याला चादरीखालचा त्यांचा धड पाय उजवीकडे वळला आणि म्हातारा सरळ गेला. बाबांची बोटं थांबली. पुढचं त्यांनी दगडासारखं बसून पाहिलं. म्हातारा फिरत फिरत आला आणि निघाला होता त्याच विटेवर येऊन उभा राहिला. पुन्हा लाव, म्हणाले. पुन्हा लावला. ट्रेसिंग पेपर पिशवीतच राहिला.

दुसऱ्यांदा संपल्यावर ते म्हणाले, "समोर मारुती होतो गो."

मग त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं. वाऱ्यामुळे जीभ जड झाली होती. भायखळ्याच्या बोळात ते समोरच लाथ मारायचे. पण व्यायामशाळेत पहिल्या दिवशी ती जागा आली तेव्हा समोर शेंदूर लावलेला मारुती. देवावर पाय कसा उगारायचा? म्हणून इथल्यापुरतं उजवीकडे वळू, असं मनाशी म्हणून ते वळले. दुसऱ्या दिवशी वळले. मग दवाखान्याला कुलूप लागलं आणि व्यायामशाळाच उरली. इथल्यापुरतं वळलो होतो हे डोक्यातून कधी गेलं, त्यांनाच कळलं नाही. पायांना तेच खरं वाटू लागलं. म्हणजे चूक नव्हती ती. मी त्यांना मनातल्या मनात वेंधळं ठरवून मोकळी झाले होते.

मला वाटलं आता ते रडतील. त्यांनी वेगळंच विचारलं. दादरचा तो क्लास अजून आहे का. मी सांगितलं, नाही बाबा, तो केव्हाच बंद झाला. त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत बसले. मी चहा ठेवायला उठले आणि मोरीत तोंडावर पाणी मारत राहिले, कारण मला तो चेहरा बघवेना. मी हे दाखवायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं. आजही कधीकधी वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतल्यावर ते म्हणाले, उभी राहा. मला वाटलं काही हवं असेल. ते म्हणाले, पदर खोच आणि उभी राहा, पाय जोडून. तेव्हा मला कळलं की बाबा मला शिकवायला बसले आहेत.

पूर्ण मे महिना आमचं ते चाललं. रोज दोनतीन आकृत्या. खोली दहा बाय बारा, त्यात खाट, कपाट आणि मोरी. खाट भिंतीला सरकवली तेव्हा कुठे दरवाजापासून आईच्या फोटोपर्यंत जागा मिळाली. हात असा नाही, कोपर खाली, खांदा सैल. एका हाताने तेवढंच सांगता यायचं. न जमलं तर साचाखात्यातली भाषा यायची, मागावर धोटा सूत घेऊन आरपार कसा जातो, तसा हात जाऊ दे, मध्ये अडकवू नकोस. माझ्या गुडघ्याने दोनदा संप केला. मी कुरकुर केली की ते म्हणायचे, वहीत तर चांगली करायचीस. शेजारणी दारातून डोकावून जायच्या. व्हिडिओ आम्ही परत लावला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, त्याला त्याचं करू दे.

अठ्ठाविसावी लाथ आली त्या दिवशी त्यांनी फक्त पाय कसा उचलायचा ते सांगितलं. कुठल्या दिशेला, ते सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही, खाटेचा कठडा धरून नुसता पाय वर करायचा सराव केला. पुढच्या आकृत्या तुकड्यातुकड्यांनीच झाल्या, बोळातल्यासारख्या. चार पावलं, परत मागे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, आता सगळे एका दमात. मी दरवाजाकडे पाठ करून उभी राहिले, समोर आईच्या फोटोकडे बघत पहिला नमस्कार केला आणि सुरुवात केली. दोनदा तोल गेला. त्यांची बोटं चादरीवर माझ्याबरोबर चालली होती, आता माझ्या पुढे नव्हती. सत्ताविसाव्याला मी फोटोपासून हातभर अंतरावर होते. चंदनाचा हार, मोठं कुंकू, आणि आईचा तो नेहमीचा चेहरा, पाण्याचा तांब्या हातात घेऊन काहीतरी विचारण्याच्या बेतात असलेला.

मी उजवीकडे वळले आणि पाय फेकला. फार वर गेला नाही, खाटेच्या कठड्याइतकाच. पुढचे हात मी करत गेले, खोली संपत आली की पावलं आखडती घेत, आणि एकसष्टाव्याला शेवटचा नमस्कार केला तेव्हा माझं नाक कपाटाच्या कडीला लागेल इतकी जवळ होते. सुरुवातीची जागा मागे कुठेतरी राहिली होती. बाबा अशा ठिकाणी काय म्हणतात ते मला लहानपणापासून पाठ होतं, म्हणून मी तशीच उभी राहून वाट बघत होते.

"झालां," ते म्हणाले. "इतक्याच होतां."